पोरगं रात्री घरातून सटकतं तेव्हा खेळात काय घडायला हवं?

निपाणीकडच्या एका डिप्लोमाच्या मुलाचा प्रश्न थोडक्यात असा: "दादा, मी एकट्यानंच एक लाइफ सिम्युलेशन गेम करूलालोय, गोडो या खेळ बनवायच्या इंजिनवर. आमच्या सीमाभागातलं गाव, एक गल्ली, सहा घरं. नववी-दहावीतली पोरं रात्री घरात न सांगता बाहेर पडतात, ते मला त्यात पाहिजे. सध्या एक बटण ठेवलंय. दाबलं की शंभरात तीस वेळा पोरगं सापडतं, सत्तर वेळा सुटतं. चालतं, पण दोनदा खेळलं की कंटाळा येतो. द सिम्स या माणसांचं रोजचं जगणं चालवायच्या खेळात हेच मजेशीर वाटतं. काय बदलू?"

तिसाचे वीस केलेस किंवा चाळीस केलेस तरी कंटाळा जाणार नाही. फाशानं निकाल लागतो म्हटल्यावर खेळणाऱ्याला करण्यासारखं काही उरतच नाही. तो बटण दाबतो आणि वाट बघतो. सटकण्यातली गंमत असते ती घरातल्या कुणाला काय ठाऊक आहे यात. बापाला पत्ता नाही, आजीला संशय आहे, धाकट्या बहिणीनं डोळ्यांनी बघितलंय आणि ती त्याची किंमत वसूल केल्याशिवाय राहणार नाही. एवढं खेळात मांडता आलं तर बटण एकच राहिलं तरी चालेल. बेळगावात बसून बरीच वर्षं मी सिम्युलेशन खेळांतल्या पात्रांची वागणूक लिहिण्याचं काम करतोय. त्यातलं या एका गोष्टीला लागू पडेल तेवढं सांगतो.

आधी सिम्सचं बघू, कारण तू त्याचं नाव घेतलंस आणि चारही भागांत ही गोष्ट वेगवेगळ्या कारणांनी वेगवेगळी झालीय. २००० साली आलेल्या पहिल्या सिम्समध्ये वयात आलेली पोरं नव्हतीच. तान्हं बाळ सोडलं तर लहान मूल आणि मोठा माणूस एवढे दोनच टप्पे, आणि मूल कधी मोठंही व्हायचं नाही. किशोरवय आलं २००४ च्या दुसऱ्या भागात, आणि पोरं वयात आली तशी रात्री बाहेरही पडायला लागली. मित्राला फोन करायचा, रात्री दाराशी गाडी येते, पोरगं चवड्यावर चालत गाडीत बसतं आणि दिसेनासं होतं. ते कुठं गेलं, काय केलं, आपल्याला दिसत नाही. आईबाप जागे झाले तर बोलणी खायची.

हे असं अर्धवट का ठेवलं असावं याचं कारण मला त्या खेळाच्या घड्याळात दिसतं. दुसऱ्या भागात घरातलं पात्र घेऊन बागेत किंवा बाजारात गेलं की घरातली वेळ थांबते. तिथं तीन तास हिंडून परत आलास तरी घरी तू निघाला होतास तेव्हाचीच वेळ असते. घरातलं घड्याळच थांबणार असेल तर चोरून जाण्याला अर्थ काय? बाप झोपेतून उठणारच नाही! म्हणून पोराला गाडीत घालून पडद्याबाहेर पाठवणं, हाच तिथं शहाणपणाचा मार्ग होता.

तिसरा भाग २००९ चा. त्यात सगळं गाव सलग, मध्ये लोडिंगचा पडदा नाही, आणि घड्याळ सगळीकडं एकच. त्यामुळं तिथं रात्री अकरा ते पहाटे पाच संचारबंदी घालता आली. पोरगं त्या वेळेत एकटं सापडलं की पोलिसांची गाडी त्याला उचलून घरी आणून सोडते आणि आईबाप दारातच झाडतात. पुढं २०११ च्या जनरेशन्स या विस्तारात गुपचूप बाहेर पडणं आणि सापडल्यावर शिक्षा भोगणं हे रीतसर आलं. चौथा भाग २०१४ चा. त्यात जागा पुन्हा तुटक झाल्या, एका ठिकाणाहून दुसरीकडं जाताना लोडिंग आलं. घरची वेळ मात्र पुढं सरकत राहते. २०१७ च्या पॅरेंटहूड या पॅकमध्ये घरातल्या सूचनाफलकावरून संचारबंदीची वेळ ठरवता यायला लागली. जबाबदारी, शिष्टाचार, सहानुभूती असे पाच गुण पोरांच्या खात्यावर चढायला-उतरायला लागले. मग २०२२ च्या हायस्कूल इयर्समध्ये सटकणं परत आलं. चौथ्या भागाचा मूळ खेळ त्याच वर्षीपासून फुकट मिळतो, पण हे दोन्ही पॅक वेगळे विकत घ्यावे लागतात, एवढं ध्यानात ठेव. नाहीतर फुकटच्या खेळात शोधत बसशील.

माझी आवड विचारशील तर तिसरा भाग. तुझी गल्ली सहा घरांची आहे, म्हणजे तुला लोडिंगची गरज नाही, घड्याळ एकच ठेवता येईल. पोरगं पारावर बसलेलं असताना घरात आजी कूस बदलतेय, हे एकाच वेळी खरोखर घडत असलं पाहिजे. तुझ्याकडं मोठ्या कंपनीचा पैसा नाही, पण छोटं गाव आहे, आणि या बाबतीत छोटं गाव असणंच बरं.

आता घड्याळाचा प्रश्न निघालाच आहे तर तो संपवून टाकू. सिम्समध्ये साध्या वेगाला आपला एक सेकंद म्हणजे तिथला एक मिनिट. त्या हिशेबानं अकरा ते पाच ही रात्र सहा मिनिटांत संपते. पोराला खाटेवरून दारापर्यंत जायला वीस सेकंद लागले तर खेळात वीस मिनिटं गेली, आणि कडी काढण्यात अर्धा तास. दिवसा हे खपून जातं, दात घासायला पाऊण तास लागला तरी कुणी तक्रार करत नाही. पण भीतीच्या प्रसंगात ते हास्यास्पद दिसतं. पोरगं चवड्यावर चालायला लागलं की वेळ हळू कर, सेकंदाला पाच-दहा सेकंद इतकी. ते गल्लीच्या तोंडाशी पोचलं की पुन्हा नेहमीचा वेग.

मुख्य काम घराचं आहे. परदेशी खेळांतलं घर म्हणजे वर झोपायच्या खोल्या, खाली बैठक, आणि पोराच्या खोलीला त्याची स्वतःची खिडकी. आमच्याकडं नववीतल्या पोराला स्वतःची खोली असते कुठं? तू तुझ्याच भागातलं घर घे. पुढं सोपा, मग माजघर, आत स्वयंपाकघर, मागं न्हाणी आणि परडं. सोप्यात आजी-आजोबा, माजघरात आई आणि धाकटी, पोरगं सोप्याच्या कडेला किंवा माळ्यावर. पुढच्या दाराला कडी आणि वर आडणा, म्हणजे दाराला लावायचं आडवं लाकूड. मागच्या दाराला नुसती कडी, पण परड्यात पत्र्याचं शेड, तिथं शेरडं बांधलेली. म्हणजे दोन वाटा झाल्या आणि दोन्ही वाईट. खेळणाऱ्याला निवडायला लागतं, तिथून खेळ सुरू होतो.

प्रत्येक गोष्टीला आवाजाचा आकडा दे. चवड्यावर चालणं १०, साधी कडी ४०, आडणा काढून भिंतीला टेकवणं ५५, पत्र्यावर हात लागला तर ७०. एक भिंत आड आली की आकडा निम्मा. झोपलेल्या प्रत्येकाला एक उंबरठा दे, आवाज त्याच्या वर गेला की जाग. हे आकडे माझे अंदाज आहेत, तुझ्या घराच्या मापाला जुळवून घे. पण एक गोष्ट बदलू नकोस. उंबरठा रात्रभर एकसारखा ठेवायचा नाही. माणसाची गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात असते आणि पहाटेकडं झोप पातळ होत जाते. म्हाताऱ्या माणसांची तर मुळातच हलकी. म्हणजे बापाचा उंबरठा बाराच्या सुमाराला ६० असेल तर चारला ३५ कर. आजीचा त्याहून कमी, पण तोही पहाटेकडं उतरता ठेव.

याचा परिणाम असा होतो की जाणं सोपं आणि परतणं अवघड. साडेबाराला पोरगं सहज निघून जातं, खेळणाऱ्याला वाटतं जमलं. मग चार वाजता ते परत येतं तेव्हा तीच कडी, तेच अंतर, पण घर अर्धं जागं. कार्तिक असला तर गावात काकडआरतीची तयारी सुरू झालेली असते, गवळ्याची सायकल फिरायला लागलेली असते, कुणाच्या तरी न्हाणीत चूल पेटलेली असते. बहुतेक खेळ परतीचा प्रवास गाळूनच टाकतात. पोरगं बाहेर पडलं की विषय संपला. खरा घाम परतताना फुटतो, आणि तो तुला वेगळा काही कोड न लिहिता मिळतोय.

पाऊस घातलास तर आणखी मजा. खानापूरकडचा आषाढातला पाऊस कौलांवर पडायला लागला की माणूस मोठ्यानं बोलला तरी शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. तेव्हा पार्श्वभूमीचा आवाज वाढव आणि सगळ्या आकड्यांतून तेवढा वजा कर. पोरगं आडणा आदळत बाहेर पडलं तरी कुणाला कळणार नाही. पण येताना पायाला चिखल. सारवलेल्या जमिनीवर किंवा शहाबादीवर पावलं उठतात आणि सकाळी दिसतात. आवाज लपला, खूण राहिली. खेळणाऱ्यानं परड्यातल्या हौदावर पाय धुवायचे ठरवले तर पाण्याचा आवाज. त्याला प्रत्येक वेळी काहीतरी सोडावं लागेल अशी योजना कर. घर वडगाव-शहापूरकडच्या विणकर गल्लीत ठेवलंस तर मागांची खडखड हेच काम करेल, फक्त माग बंद व्हायची वेळ खेळणाऱ्याला ध्यानात ठेवावी लागेल. उन्हाळ्यात सगळेच स्लॅबवर झोपायला गेले की हिशेब पुन्हा निराळा: दार नाही, कडी नाही, पण अंथरुणाला अंथरूण लागलेलं.

आता मी सुरुवातीला म्हटलं ते, कुणाला काय ठाऊक आहे. प्रत्येक पात्रापाशी एक वही आहे असं समज. तिच्यात प्रत्येक नोंदीला पाच गोष्टी: कुणाबद्दल, काय, किती खात्री, कुठून कळलं, आणि बोलायचं की नाही. पहिल्या चार गोष्टी बऱ्याच खेळांत या ना त्या रूपात असतात. पाचवी बहुतेकजण विसरतात. माहीत असणं आणि पकडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या घरांत तर फारच वेगळ्या. अर्ध्या घराला सगळं ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही.

आजीचं उदाहरण घे. पोरगं चारला परत आलं, कडी वाजली, आजी जागी झाली. तुझ्या सध्याच्या खेळात इथं "सापडला" असं येईल आणि आजी ओरडायला लागेल. त्याऐवजी आजीच्या वहीत खात्री ९० लिही आणि तिचं बोलायचं की नाही हे तिच्या स्वभावावर आणि नातवावरच्या जिवावर सोड. मग पडद्यावर एवढंच येतं:

"कोण, तू व्हय?"

"पाणी प्यायला उठलोतो आजी."

"पाय धुऊन झोप जा. चिखूल लागलाय."

बस. आजी कूस बदलते. खेळणाऱ्याला कळलं की हिला कळलं. सकाळी बापानं विचारलं, "रात्री कडी वाजली काय गं?" तर आजी काय उत्तर देईल हे आता त्याला ठाऊक नाही, आणि चहाच्या वेळी तो पडद्याकडं डोळे लावून बसेल. एका वाक्याच्या संवादानं जे होतं ते दहा मिनिटांच्या लपाछपीनं होत नाही. गप्प राहिलेल्या माणसाचं उपकारासारखं एक देणं तयार होतं, तेही नोंदव. चार दिवसांनी आजीनं सांगितलं, "मला देवळात घेऊन चल," आणि पोरानं टाळलं, तर तिची गप्प राहण्याची इच्छा घटायला पाहिजे.

धाकटी बहीण याच्या उलट. तिला भावाची माया वगैरे काही नाही, तिला सौदा पाहिजे. "मला बी नेणार असलास तर गप बसतो." (आमच्या बेळगावाकडं पोरी सर्रास "मी जातो, मी येतो" म्हणतात; संवाद लिहिताना पुण्याचं व्याकरण लावून ते दुरुस्त करत बसू नकोस.)

आई-बाप मात्र एकसारखे ठेवू नकोस. ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरात बाप रात्री घरात असेलच असं नाही. पंपाला थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत आली की तो बॅटरी घेऊन रानात पाणी पाजायला जातो. म्हणजे घरात धोका कमी, वाटेवर जास्त, कारण तो कुठल्या बांधावर असेल हे पोराला माहीत नाही. वीज लवकर गेली तर तो लवकर परतणार. विजेचं वेळापत्रक भिंतीवर खडूनं लिहिलेलं दाखव. चलाख खेळणारा ते वाचून बेत आखेल, आणि एखाद्या रात्री मध्येच वीज गेली की त्याचा बेत कोलमडेल.

घराबाहेरचं मी थोडक्यात घेतो, कारण तिथं तुझं काम आपोआप सोपं होतं. गल्लीतली कुत्री हवीतच. रोज भाकरीचा तुकडा घातलेला कुत्रा भुंकत नाही, हे दिवसा करून ठेवायचं काम. गळिताच्या हंगामात रात्रभर गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर हवेत. त्यांचा आवाज झाकायला मदत करतो आणि दिव्याच्या झोतात पोरगं उघडं पडतं. आणि गस्तीचा पोलीस हवा. तो कन्नडमध्ये विचारणार, "एल्ली होंटीयो?" म्हणजे कुठं निघालास? इथं सिम्ससारखं उचलून घरी आणून सोडण्याची गरज नाही. पोराची कन्नड किती चांगली आहे त्यावर प्रसंग ठरू दे. शाळेत कन्नडच्या तासाला लक्ष दिलेलं पोरगं दोन वाक्यांत सुटेल. दुसरं त-त-प-प करेल, आणि पोलीस बापाचं नाव, घर कुठलं असं विचारून वहीत लिहून घेईल. आपल्या भागातल्या कुठल्याही पोराला हे पटेल, आणि हे इथल्याशिवाय दुसऱ्या कुठल्या खेळात असणार नाही. फक्त हा पोलीस टर उडवायला किंवा खलनायक म्हणून ठेवू नकोस. तोही रात्रपाळीला कंटाळलेला माणूस आहे.

बातमी पसरणं हा मात्र मोठा विषय. समोरच्या काकूनं रात्री एकला खिडकीतून पोराला बघितलं. तिच्या वहीत खात्री ६०, अंधार होता म्हणून. ती लगेच सांगायला येणार नाही. नळाला पाणी येईल तेव्हा बायका जमतील आणि तिथं गोष्ट निघेल. तुझ्या गावात पाणी एक दिवसाआड येत असेल तर बातमी पोचायला एक-दोन दिवस लागले. हा मधला काळ खेळणाऱ्याला दे. त्यात तो काकूच्या घरी गॅसची टाकी उचलून देऊ शकतो. आईला आधीच स्वतः सांगून टाकू शकतो, किंवा "तो मी नव्हेच" म्हणून मित्राच्या घरी अभ्यासाला गेल्याचा पुरावा उभा करू शकतो. बातमी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना खात्री घटत जाऊ दे आणि तपशील वाढत जाऊ दे. एक पोरगं होतं त्याची तीन झाली, पारावर बसली होती त्याची ढाब्यावर गेली. हे लिहायला अवघड नाही, नोंदीतला एखादा शब्द बदलायचा असतो. हसू मात्र हमखास येतं.

पोरगी सटकली तर? तुझ्या प्रश्नात "पोरं" आहे, पण खेळणाऱ्याला मुलगी निवडता येणार असेल तर याचा विचार आत्ताच कर. तीच गल्ली, तीच काकू, पण बातमीचा वेग आणि परिणाम सारखा असणार नाही. हे खोटं गोड करून दाखवू नकोस. त्याच वेळी तिला नुसती शिक्षाच होत राहील असंही करू नकोस. तिच्या बाजूनं उभी राहणारी माणसं घाल, मामी, मोठी बहीण, आजीच. आणि बाहेर पडण्याची कारणं निखळ ठेव. शाळकरी वयाची पात्रं आहेत. कबड्डीचे सामने, वाढदिवसाचा केक, आकाशातलं ग्रहण-बिहण, मित्राचं भांडण मिटवणं. एवढ्यात भरपूर नाट्य आहे.

कारण मात्र पाहिजेच. सिम्समध्ये वस्तू स्वतःची जाहिरात करतात असं म्हणतात: फ्रीज "भूक" म्हणून हाका मारतो, टीव्ही "करमणूक" म्हणून, आणि पात्र आपल्या गरजेप्रमाणे त्यातल्या एकीकडं जातं. तुझ्या गल्लीत रात्रीच्या प्रसंगांनाही अशीच हाक मारू दे. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघतात त्या रात्री बेळगाव झोपत नाही. हाक इतकी मोठी की गावातलं पोरगं शेवटची बस पकडून शहरात जायचा विचार करणारच. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, कपिलेश्वर तलावाकडं जाणाऱ्या वाटा रात्रभर भरलेल्या. पण गंमत बघ. अशा रात्री घरातलेही जागे असतात, अर्धे तर तिथंच असतात. चोरून जाण्याची गरजच उरत नाही, उलट झांजपथकाच्या मागं बापाचीच गाठ पडते. तर सणाची रात्र आणि साधी रात्र यांचे नियम वेगळे ठेव. सणाच्या रात्री प्रश्न "कसं जायचं" हा नसून "सांगितल्यापेक्षा किती उशिरा यायचं" हा असतो.

शिक्षेबद्दल फार विचार करू नकोस. मोबाईल काढून घेणं, चार दिवस खेळायला बंदी, मामाकडं पाठवायची धमकी, एवढं पुरे. झोपेचं देणं मात्र नीट मांड. तेरा ते अठरा वयाला रात्री आठ ते दहा तास झोप लागते आणि या वयात शरीराचं घड्याळच उशिराकडं सरकलेलं असतं, म्हणून अकराला ते पोरगं टक्क जागं असतं आणि सहाला उठवत नाही. साडेबारा ते चार बाहेर राहिलेलं पोरगं गणिताच्या तासाला पेंगणार, आणि बाई घरी निरोप धाडणार. हा निरोप म्हणजे पुन्हा एक नोंद, आईच्या वहीत. बघ, शिक्षकाची बातमी आणि काकूची बातमी दोन्हीकडून आली की आईची खात्री स्वतःच वाढते. कुणी "पकडलं" नाही तरी पोरगं सापडलं.

एक धोका. सापडलं की बरेचजण मागच्या सेव्हवर जाऊन पुन्हा खेळतात. सेव्ह करायला बंदी घालून हे थांबवता येतं, पण ते मला पटत नाही. चिडलेला माणूस खेळ बंद करतो. सापडण्यानंतरची गोष्ट सुटण्यापेक्षा चांगली लिही. सापडलेल्या पोराला बापासोबत रानात पाणी पाजायला जावं लागतं, आणि तिथं रात्री दोन वाजता बांधावर बसून बाप आपल्या वयातलं काहीतरी सांगतो, जे एरवी सांगितलंच नसतं. असं एखादं दृश्य फक्त सापडलेल्यांनाच मिळतं हे एकदा कळलं की लोक मुद्दाम कडी वाजवतील.

तांत्रिक बाब एकच. गोडो ३ वर असशील तर आधी ४ वर ये. तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं आणि वेलांट्या फुटायच्या, चौथ्यात अक्षरांची जुळणी नीट होते. संवादांवर एवढा भर देणारा खेळ मोडक्या अक्षरांत कुणाला वाचता येणार नाही.

कामाचा क्रम असा ठेव. गल्ली, कुत्री, पोलीस, चित्ररथ सगळं बाजूला. एक घर, एक पोरगं, एक आजी, एक कडी. आजीच्या डोक्यावर तिच्या वहीतली नोंद तात्पुरती अक्षरांत दिसू दे, म्हणजे खात्री कधी वाढली, ती का गप्प राहिली हे तुला समोर वाचता येईल. शंभर रात्री आपोआप चालवून बघ आणि आजी किती वेळा बोलली, किती वेळा गप्प राहिली हे मोज. दोन्ही पुरेशा वेळा होत असतील तर बाप आण. बाप आल्यावर आजी त्याच्याशी खोटं बोलायला लागते का ते बघ, आणि मगच परड्याचं दार उघड.